काटा कोणी काढावा?

परवां धाराशिवहून तुळजापुरास जातांना आमच्या मोटारसायकलीचें मागलें चाक बसलें. या मुलखांत बाभळीला तोटा नाहीं आणि बाभळीच्या काट्याला चाकाचें वावडें नाहीं! वाटेवरील दुकानांत एक म्हातारे कारागीर व त्यांचा मुलगा होता. म्हातारबुवांनीं ट्यूब काढून हवा भरली, घमेल्यांतील पाण्यांत ती बुडवून बुडबुडा पकडला, जागा खरवडली, सोल्युशन लावलें व तें सुकूं देऊन ठिगळ दाबलें.

"मामा, झालें ना? चढवा आतां," आम्ही म्हणालों.

"ट्यूब झाली, साहेब. टायर राहिला." आणि टायरच्या आंतून ते सावकाश बोटें फिरवूं लागले. मोडलेलें टोंक सांपडलें तेव्हां बोटांतून थोडें रक्तहि आलें.

दुरुस्तीच्या रीती बदलल्या त्या बहुधा घाईपायीं. डनलपनें १८८८ सालीं हवेचें चाक केलें, तेव्हां टायर धावेस चिकटविलेला असे. पंक्चर काढणें तासांचें काम होतें. मिशेलिन बंधूंनीं १८९१ मध्यें सुटा होणारा टायर आणला. आतां ट्यूबच नाहीं. शेजारीं मुलानें चाक न काढतां खिळा उपटला, भोंक घासलें, चिकट रबराची वात सुईनें आंत लोटली व उरलेलें शेपूट कापलें. या रीतीचे आम्ही निंदक नाहीं. हवा एकाएकीं जाण्याचें भय तिनें कमी केलें आहे. परंतु टायर आंतून किती चिरला, हें तींत दिसत नाहीं. मुलानें तसें सांगितलेंहि. पण तोंवर गिऱ्हाइकाची गाडी सुरू झाली होती.

न दिसणारें काम कारागिरानें कां करावें? लौकिकासाठीं, असें कोणी म्हणेल. पण हमरस्त्यावरचा वाटसरू पुन्हां येतो थोडाच! काटा तसाच राहता तर लाभ झाला असता पुढल्या दुकानास. म्हणजे म्हातारबुवांस त्यांत मिळकत नव्हती, भीति नव्हती, आणि साक्षीदार आम्ही, ते तर घड्याळाकडे पाहत होतों! अशा कारागिरास अप्रामाणिक करावयाचें तर आमच्यासारखीं घाईचीं गिऱ्हाइकें पुरेशीं आहेत. आम्ही 'झालें का?' विचारतों, 'काटा निघाला का?' असें विचारल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

ठरलेलेच पैसे त्यांनीं घेतले आणि तें टोंक आमच्या हातावर ठेवलें. आम्ही तें रस्त्यावर टाकणार, तोंच ते म्हणाले, "तिथं नको, साहेब."