खंदकाच्या पलीकडे

पाठीवर सॅक टाकून निघणारी मराठी मुलंमुली गेल्या काही वर्षांत वाढली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांची ठिकाणं मात्र ठरलेली असतात. पावसाळ्यात सह्याद्रीतले गड, थंडीत हंपी, उन्हाळ्यात हिमाचल. गडावर आपण आपल्याच घरी असतो. तिथला बुरूज न् बुरूज आपल्या बाजूनं बोलतो. हिमाचलात आपण कोण, कुठले, हे कुणी विचारत नाही. दोन्हीकडे जावंच. पण विशीत आणखी एक प्रवास घडायला हवा, असं मला ठामपणे वाटतं: एखादं मोठं, अनोळखी शहर, त्यात सलग एक आठवडा, सोबत आपलं म्हणणं खोडून काढणारी एक व्यक्ती. आणि ते शहर शक्यतो असं, की जिथे आपल्या पूर्वजांची आठवण आपल्याला शिकवलेल्या आठवणीशी जुळत नाही.

आम्ही कोलकात्याला गेलो. मी पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसनं निघाले, मैत्रीण नागपूरला चढली. तिचं घर महाल भागात, भोसल्यांच्या वाड्यापासून जवळ. रायपूर, बिलासपूर, टाटानगर, खरगपूर असं करत गाडी हावड्याला पोचते. बाहेर पडलं की समोर १९४३ साली सुरू झालेला तो अजस्र पूल, आणि हुगळी ओलांडायला होडी. बिऱ्हाड सदर स्ट्रीटवर, इंडियन म्युझियमच्या शेजारच्या गल्लीत; देशोदेशींचे फिरस्ते कित्येक वर्षं तिथेच उतरतात.

कुठल्याही शहरातले पहिले दोन दिवस यादीचे असतात. व्हिक्टोरिया मेमोरियल, जोडासाँकोचा ठाकुरवाडा, कालीघाट, दक्षिणेश्वर. त्यांच्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही. पुष्कळ जण तिसऱ्या दिवशी दार्जिलिंगची गाडी पकडतात, आणि नेमकं तिथेच चुकतं. शहर आपल्याशी बोलू लागतं ते यादी संपल्यावर. मग आपण पाइस हॉटेलात जेवायला शिकतो. भात, डाळ, मासा, लिंबाची फोड, केळीचं पान, सगळ्याचा हिशेब वेगळा. पोऱ्या एका दमात जिन्नस आणि दर म्हणून दाखवतो. जुन्या उत्तर कोलकात्यात घरांच्या ओट्यांवर संध्याकाळी माणसं बसलेली असतात. तिसऱ्यांदा त्याच ओट्यावरून गेलं की तीच माणसं आपल्याला थांबवतात आणि विचारतात, कुठून आलात?

आमच्या बाबतीत हा प्रश्न कॉलेज स्ट्रीटवर आला. जुन्या पुस्तकांच्या एका टपरीत मैत्रीण बंगाल गॅझेटिअर चाळत होती. दुकानदार सत्तरीचे. "महाराष्ट्रातून," मी म्हटलं. ते प्रसन्न हसले आणि म्हणाले, "अच्छा, बर्गी!"

त्यात राग नव्हता. त्यांनी आम्हाला बसायला स्टूल दिलं, मातीच्या भांड्यातला चहा मागवला, आणि लहानपणी आजीनं म्हटलेल्या अंगाईबद्दल सांगितलं. बर्गी देशात आले, आता सारा कुठून भरायचा, अशा चिंतेची ती अंगाई बंगालात घरोघरी ठाऊक आहे. बर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावर स्वार होणारे मराठा शिपाई. पावणेतीनशे वर्षं बंगाली आया मुलांना निजवताना ज्यांचं नाव घेत आल्या, ते आपण.

शाळेत शिकलो तेवढं आम्हा दोघींना येत होतं: नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या, १७५१च्या तहात ओरिसा मिळाला आणि बंगालची चौथ म्हणून सालीना बारा लाख रुपये ठरले. एवढ्या ओळीत दहा वर्षं मावतात. त्या दहा वर्षांत पश्चिम बंगालच्या गावांचं काय झालं, ते गंगाराम नावाच्या कवीनं लिहून ठेवलं आहे. काव्याचं नाव 'महाराष्ट्र पुराण', भाषा बंगाली, काळ त्याच स्वाऱ्यांचा. जाळलेली गावं, पळणारे विणकर आणि शेतकरी, बायकांवरचे अत्याचार, पैशासाठी केलेले छळ, सगळं त्यात आहे. गंमत अशी की गंगाराम सुरुवातीला मराठ्यांना दोष देत नाही. लोकांची पापं वाढली म्हणून खुद्द शिवानंच शाहू महाराजांच्या मनात ही स्वारी घातली, असं तो सांगतो. पुढे अत्याचार पाहून देवी मराठ्यांवर कोपते आणि रघूजींचा सेनापती भास्करपंत कोल्हटकर याचा अंत होतो. आपल्या लोकांचं दुःख सांगतानाही हा कवी न्यायाचा विचार सोडत नाही, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

मैत्रीण हे सगळं सहज मान्य करणारी नव्हती, आणि ते बरंच झालं. बागबाजार घाटावर होडीची वाट पाहत ती मुद्दे मांडत गेली. अलिवर्दीखान तरी कोण होता? १७४० साली सरफराजखानाला मारून त्यानं बंगालची सुभेदारी बळकावली. भास्कर राम कोल्हटकरांना १७४४ साली तहाच्या बोलणीसाठी मनकऱ्याच्या छावणीत बोलावून दगा दिला, सरदारांसकट कापून काढलं. त्याबद्दल कुठली अंगाई आहे? मी म्हटलं, अलिवर्दीचा हिशेब अलिवर्दीकडून घ्यावा, बर्दवानच्या विणकरानं त्याची किंमत का मोजावी? ती म्हणाली, त्या काळातलं कुठलं सैन्य विणकराला विचारून चालत होतं? हा प्रश्न खरा आहे, आणि माझं म्हणणंही खरं आहे. एकटी असते तर मी अपराधी वाटून घेऊन मोकळी झाले असते. ती एकटी असती तर चिडून पुढे गेली असती. दोघी होतो म्हणून कुणालाच सोपी वाट मिळाली नाही. सोबतीचा खरा उपयोग मला इथे कळला. खोलीचं भाडं निम्मं होतं आणि रात्री रस्त्यावर धीर येतो, हे फायदे आहेतच. पण आपलं मन जिथे थांबू पाहतं तिथे दुसरं माणूस थांबू देत नाही.

मग आम्ही तो खंदक शोधायला निघालो. १७४२ साली स्वाऱ्या सुरू झाल्यावर कोलकात्याचे रहिवासी घाबरले. इंग्रजांच्या वसाहतीभोवती, जमिनीच्या बाजूनं, सात मैलांचा खंदक खणायचं ठरलं. सुमारे तीन मैल खणून झाला आणि काम थांबलं, कारण मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. अर्धवट खंदक गावाची हद्द होऊन राहिला. १७९९ मध्ये तो बुजवून सर्क्युलर रोड करायला घेतला. आज त्याच रस्त्याला आचार्य प्रफुल्लचंद्र रॉय आणि आचार्य जगदीशचंद्र बोस यांची नावं आहेत. सियालदह स्टेशनाबाहेर बससाठी धक्काबुक्की करणाऱ्या माणसाच्या पायाखाली आपल्या भीतीनं खणलेली जमीन आहे. बागबाजारात मात्र जुनं नाव टिकलंय: मराठा डिच लेन. साधी गल्ली. पाटीखाली उभं राहून मैत्रिणीनं फोटो काढून घेतला नाही. का, ते मी विचारलं नाही.

इथेच आठवडा संपला असता तर आम्ही अर्धीच गोष्ट घेऊन परतलो असतो. पण त्याच कॉलेज स्ट्रीटच्या दुकानदारांनी, आम्ही पुन्हा गेलो तेव्हा, सखाराम गणेश देउस्करांचं नाव सांगितलं. घराणं मराठी, जन्म देवघरचा १८६९चा, लेखन बंगालीत. इंग्रजांनी देश कसा नागवला हे आकडेवारीनिशी सांगणारं त्यांचं 'देशेर कथा' १९०४ साली आलं, बंगालच्या स्वदेशी चळवळीत घरोघरी वाचलं गेलं, आणि १९१० मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली. देउस्करांनी बंगालात शिवाजी उत्सव रुजवण्यासाठी खटपट केली. १९०४ सालीच रवींद्रनाथांनी 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहिली. १९०६च्या जूनमध्ये कोलकात्यात मोठा उत्सव झाला, त्याला टिळक आणि दादासाहेब खापर्डे गेले होते.

म्हणजे ज्या शहरानं मराठ्यांच्या भीतीनं खंदक खणला, त्यानंच दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी शिवाजी महाराजांचा उत्सव केला. अंगाई तेव्हाही म्हटली जात होती. एका आठवणीसाठी दुसरी पुसायची गरज बंगाली माणसाला वाटली नाही. आपल्यालाही वाटू नये. महाराष्ट्रात आज इतिहास म्हटला की आवाज चढतात, पुतळे आणि नावं यांवरून माणसं एकमेकांच्या अंगावर जातात. त्या वातावरणात वाढलेल्या आम्हा दोघींना, लुटलेल्या मुलखातला एक म्हातारा चहा पाजत, हसत, आपली बाजू सांगतो आणि मग आपल्याच एका मराठी माणसाचं पुस्तक हातात ठेवतो, हे शिक्षण कुठल्या वर्गात मिळालं असतं?

मैत्रीण आजही रघूजींबद्दल माझ्याशी भांडते. पण आता ती गंगाराम वाचून भांडते.

मुलींच्या आईवडिलांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. कोलकात्याच्या मेट्रोत, होडीत, बसमध्ये आम्ही उशिरापर्यंत फिरलो. शहराला सरसकट सुरक्षित म्हणण्याचं धाडस मी करणार नाही, कुठल्याच शहराबद्दल करणार नाही. पण दोन मुली डोळे उघडे ठेवून एक अनोळखी शहर पायाखाली घालू शकतात, आणि ती संधी मुलांइतकीच मुलींच्या वाट्याला यायला हवी.

कोलकाताच हवं असं नाही. सुरत जवळ आहे. १६६४ आणि १६७०च्या लुटी आपण अभिमानानं शिकतो, तिथे आठवडाभर राहून गावातल्या माणसांशी बोला. कटक १७५१ ते १८०३ मराठ्यांच्या ताब्यात होतं. शृंगेरीला जा: १७९१ साली परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी तिथला मठ लुटला, आणि जगद्गुरूंना मूर्तीच्या पुनःप्रतिष्ठेसाठी मदत पाठवली ती टिपू सुलतानानं, त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. तंजावरला जा, तिथे आपली आठवण पुन्हा निराळी, सरस्वती महाल ग्रंथालयाची. येत्या सुट्टीत यांतलं एकच शहर निवडा, आठवडा तिथेच काढा, आणि सोबतीला तुमच्याशी सहमत नसलेला मित्र न्या.