तवंदीच्या चढावरचा पाव तास

निपाणी सोडून संकेश्वरकडे निघालं की तवंदीचा घाट लागतो. वैशाखाच्या दुपारी या चढावर जुनी पद्मिनी दोन-चार आचके देते आणि बंद पडते. सेल्फ मारून बॅटरी बसायची वेळ येते, तरी इंजिन उचलत नाही. पाव तासाने मात्र पहिल्याच सेल्फला चालू. गॅरेजात नेईपर्यंत ती ठणठणीत असते, आणि तिथे बघायला काहीच उरत नाही.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. आमच्या सीमाभागात हौसेने जपलेली एखादी, किंवा कार्ब्युरेटरची मारुती ८००, अजून दिसते. त्यांच्या या खोडीमुळे मालक कंटाळतो आणि म्हणतो, "सगळंच बदलून टाका." पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लग, सगळं नवं बसतं. चार दिवस गाडी पळते. पुन्हा घाट, पुन्हा तेच. या घाईचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यात चांगला भाग भंगारात जातो आणि दोष गाडीतच राहतो.

दोष दिसतो तो त्या पाव तासातच. इंजिनाला चिकटलेला पेट्रोल पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते. पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. पंप वाफ ओढत राहतो, कार्ब्युरेटर कोरडा पडतो. दुसरीकडे कॉइल जुनी झाली असेल तर तापल्यावर आतली तार सुटते, निवल्यावर पुन्हा जुळते. बाहेरून दोन्ही दुखणी हुबेहूब सारखी. म्हणून गाडी बंद असतानाच एअर फिल्टरचं झाकण काढून हाताने रेस द्यावी: कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची धार दिसली तर पेट्रोल पोचतंय. मग, पेट्रोलची वाफ जवळ नाही हे बघून, जादा प्लग वायरीला लावावा, बॉडीला टेकवावा आणि सेल्फ मारावा. ठिणगी नसेल तर शोध करंटकडे वळवायचा. धार नसली आणि पंपावर ओलं फडकं टाकल्यावर गाडी उचलली, तर वाफेचाच संशय धरायचा.

जुने मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी विचारत बसतात. तापल्यावर बंद पडली काय? चढावर की सपाटीला? टाकीत पेट्रोल किती होतं? घाईतल्या गिऱ्हाइकाला हा वेळकाढूपणा वाटतो. मला ती विद्या वाटते. कारण तिसराही एक गुन्हेगार आहे आणि तो बॉनेटखाली नसतोच. टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक भोक धुळीने बुजलं की टाकीत पोकळी होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. थोडं थांबलं की हवा कशीबशी आत शिरते, गाडी चालू होते. बंद पडल्या पडल्या झाकण फिरवावं. सूं करून हवा आत गेली आणि गाडी उचलली, तर नवा पंप आणायची गरज नाही. टाचणीने भोक मोकळं केलं की भागतं.