बोटांतली मोजणी, गळ्यातली माळ

जपाला संख्या लागते आणि संख्येकडे लक्ष गेले की जप तुटतो. मनाने नाम घ्यायचे की आकडा सांभाळायचा, हा पेच नामस्मरण करणाऱ्या प्रत्येक पंथापुढे आला. त्यावर निघालेली तोड बहुतेक ठिकाणी एकच आहे. आकडा हाताच्या हवाली करायचा आणि मन मोकळे ठेवायचे.

माळ येण्याआधी खडे होते. इजिप्तच्या वाळवंटातला पॉल नावाचा ख्रिस्ती तपस्वी रोज तीनशे प्रार्थना करी. तेवढे खडे मांडीवर घेऊन बसे आणि प्रत्येक प्रार्थनेला एक टाकून देई. इस्लामच्या आरंभी खजुराच्या बिया आणि बोटे हे काम करत. बोटांच्या पेरांवर जप मोजण्याची ‘करमाला’ भारतात आजही चालते. खडे सांडतात, पेरे चुकतात. दोऱ्यात ओवलेले मणी यांतले काहीच होऊ देत नाहीत. ब्रह्मदेव आणि सरस्वती यांच्या हातांत अक्षमाला असते, तशी ती वेरूळच्या बौद्ध लेण्यांत अवलोकितेश्वर आणि भृकुटी यांच्या हातांतही कोरलेली आहे. ‘अक्ष’ या शब्दातच पुढे दुसरा अर्थ वाचला गेला. ‘अ’पासून ‘क्ष’पर्यंतची पन्नास अक्षरे म्हणजे अक्षमाला, असे अक्षमालिकोपनिषद मांडते. मोजण्याच्या साधनात अवघी वर्णमाला सामावली.

डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये खिडकीशी गोमुखीत, म्हणजे जपाच्या पिशवीत, हात घालून बसलेली एखादी बाई दिसते. बाहेरून फक्त कापड हलते. आत माळ मधल्या बोटावर असते आणि अंगठा एकेक मणी आपल्याकडे ओढत असतो. तर्जनी माळेला लावायची नाही, माळ दुसऱ्याला दिसू द्यायची नाही. दोन मण्यांमधली गाठ अंगठ्याला लागते, म्हणून डोळे मिटलेले असले तरी एक मणी संपल्याचे कळते. माळ जिथे जुळते तिथला मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही. माळ फिरवायची आणि आल्या वाटेने परत निघायचे. माळेत १०८ मणी, पण हिशेब शंभराचाच धरायचा, अशी रीत आहे. वरचे आठ भूलचुकीचे. मन मध्येच भरकटणार हे या हिशेबाने आधीच मान्य केले आहे, आणि म्हणूनच तो फार माणसासारखा वाटतो.

आकडा एकदा ठरला की त्याला अर्थ चिकटू लागतात. बारा राशी गुणिले नऊ ग्रह, सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण. दोन्हींचे उत्तर १०८. ही उत्तरे बहुधा मागाहून शोधलेली आहेत, पण त्यामुळे ती खोटी ठरत नाहीत. संख्येला अर्थ देणे हाही उपासनेचाच भाग असतो.

हे अर्थ पंथागणिक कसे पालटतात, ते ठाण्यात मासुंदा तलावाच्या आसपास पायी फिरूनही कळते. तलावाकाठच्या कोपिनेश्वराच्या मंदिरात रुद्राक्षाची माळ शंकराची. टेंभी नाक्याच्या जैन मंदिरात तेच १०८ मणी वेगळी बेरीज सांगतात: अरिहंतांचे १२ गुण, सिद्धांचे ८, आचार्यांचे ३६, उपाध्यायांचे २५ आणि साधूंचे २७. नवकार मंत्राची ही ‘नवकारवाली’. हे पाचही ज्यांत येतात त्या नवपदांचा उपासक श्रीपाल राजा ठाण्यात आला होता अशी जैन परंपरा असल्याने या बेरजेला इथे स्थानिक आठवणही जोडलेली आहे. जवळच्या अग्यारीत मणी नाहीत, पण मोजदाद आहे. पारशांची ‘कुस्ती’ ही पवित्र दोरी लोकरीच्या ७२ धाग्यांची असते, कारण यस्न ग्रंथाचे अध्याय ७२. ती कमरेला तीन वेढे घेऊन बांधतात.

तलावाजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च सोळाव्या शतकातले, पोर्तुगीज काळातले. इथल्या कॅथलिकांच्या जपमाळेचा इतिहास अक्षरओळखीशी बांधलेला आहे. युरोपातले साधू १५० स्तोत्रे म्हणत. ज्यांना वाचता येत नव्हते ते त्याऐवजी १५० छोट्या प्रार्थना म्हणू लागले. त्या मोजायला माळ आली आणि दहा-दहा मण्यांच्या पाच गटांची आजची जपमाळ घडली. पोप पाचवे पायस यांनी १५६९ मध्ये तिचे रूप पक्के केले. दहा मण्यांच्या प्रत्येक गटाला येशू आणि मारिया यांच्या चरित्रातले एक रहस्य चिंतायचे, अशी पंधरा रहस्ये. माळेच्या तीन फेऱ्या, पंधरा दाहे दीडशे. २००२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी आणखी पाच रहस्ये घातली आणि स्तोत्रांशी असलेला जुना मेळ सुटला. भाविकांचे काही अडले नाही, कारण तोवर माळ चिंतनाची झाली होती.

खाडीपलीकडे मुंब्र्यात तसबी ३३ किंवा ९९ मण्यांची. तेहतीसची तीनदा फिरवली की नव्व्याण्णव होतात. अल्लाहची नावेही तितकीच मानली जातात. सूफींनी ती घरोघर नेली, तर बोटांवर मोजणे हेच खरे, असे म्हणणारेही मुसलमानांत पहिल्यापासून आहेत. माळेबद्दलचा हा संकोच सगळीकडे भेटतो. कबीरापासून तुकारामांपर्यंत संतांनी दिखाऊ माळेवर कोरडे ओढले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातल्या बौद्धांनी त्रिशरण आणि पंचशील मध्यभागी ठेवले. जपमाळेला तिथे फारसे स्थान उरले नाही.

आता बोटात अंगठीसारखे घालायचे छोटे यंत्र मिळते. बटण दाबले की आकडा पुढे सरकतो. माळेतला मणी, गाठ, मेरू गेले आणि संख्या तेवढी राहिली.

याच पट्ट्यात माळेचा याच्या नेमका उलट प्रवासही झाला. तुळशीची माळ हातातून गळ्यात गेली आणि तिथे मोजणी संपली. गळ्यातल्या माळेवर जप करायचा नाही, त्याची माळ वेगळी, असा दंडक पाळला जातो. वारकऱ्यांत ‘माळ घेणे’ म्हणजे मांस-मद्य सोडणे, एकादशी धरणे, पंढरीची वारी न चुकवणे. ठाणे-कल्याण भागातल्या आगरी समाजात हा विचार रुजवणाऱ्यांत ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे यांचे नाव मोठे. डोंबिवलीच्या क्रीडा संकुलाला त्यांचेच नाव आहे. मासळीभाताच्या घरात एकाने माळ घेतली की चूल, पाहुणचार, लग्नातले जेवण सगळ्यालाच वळण लागते. गावात त्या माणसाची ओळखही त्याच एका शब्दाने होते: माळकरी. माळ कधी तुटलीच तर तो मणी वेचतो, पुन्हा ओवतो, आणि ती गळ्यात पडेपर्यंत अन्नाला हात लावत नाही.