एकोणीस दिवसांचा शूर

पाठीवरची बॅग काढ आणि समोर बस. तिकडे अंधारात नको, खिडकीपाशी बस, तोंड दिसू दे मला. धारहून निघालास, इंदूर ओलांडून देवासला आलास. शंभर किलोमीटर, तेही मोटारसायकलवर. छातीचं ऑपरेशन होऊन दिवस किती झाले? एकोणीस. आणि अंगातलं ते घट्ट जाकीट कुठंय? ‘फार उकडतं, सर.’ अरे, माळव्यात मे महिन्यात उकडणार नाही तर काय बर्फ पडणार? ऑपरेशनची तारीख तूच घेतलीस ना?

जाकीट कशासाठी असतं, ते सर्जननं सांगितलं असणार. तू ऐकलं नसशील. छातीतली ग्रंथी काढली, चरबी ओढून घेतली, की कातडीखाली पोकळी उरते. वरची कातडी खालच्या स्नायूला जाऊन चिकटायला हवी. ती चिकटेपर्यंत दाब लागतो, म्हणून बहुतेक सर्जन चार ते सहा आठवडे जाकीट घालायला लावतात. दाब नसेल तर त्या पोकळीत पाणी साचतं. मग सुई टोचून काढा. जे घालवायला पैसे मोजलेस, तोच फुगवटा पुन्हा पाहुणा म्हणून बोलावतोयस.

आणि काल जिममध्ये गेला होतास म्हणे. ‘हलकेच डंबेल्स उचलले.’ तुझं हलकं मला ठाऊक आहे. धारमध्ये लाट मशिदीजवळ तो लोहस्तंभ तुकडे होऊन पडलाय, शाळेच्या सहलीत तुम्हाला दाखवला होता. शतकं गेली, लोखंड काही आपणहून जुळलं नाही. तुझं मांस जुळतं, फुकट जुळतं, फक्त त्याला वेळ दे. ती अक्कल त्याला आहे, तुला नाही.

आता तुझ्या तक्रारी घेऊ. रात्री आरशासमोर तासभर उभा राहून जमवलेल्या.

डावी बाजू उजवीपेक्षा मोठी दिसते. दिसणारच! ज्या देवासात बसलायस, त्या एका गावात दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. पवारांचे दोन भाऊ एका मापाचे निघाले नाहीत, तुझ्या छातीच्या दोन बाजू कशा निघतील? सूज दोन्हीकडे सारखी उतरत नाही. खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात. एकोणिसाव्या दिवशी निकाल मागणारा तू कोण?

स्तनाग्राला स्पर्श कळत नाही. तिथल्या बारीक नसा दुखावल्यात. महिन्यांनी बहुधा जाणीव परत येते, कधी एखादा लहानसा तुकडा बधिरच राहतो. हे ऑपरेशनपूर्वी विचारायचं असतं. आत टणक लागतं? भरताना आत व्रणाची गाठ धरते, ती हळूहळू मऊ पडते. शिवाय सर्जन स्तनाग्राखाली ग्रंथीची पातळ चकती मुद्दाम ठेवतो. सगळंच खरवडलं तर तिथे बशीसारखा खड्डा पडतो. त्यानं शहाणपणानं ठेवलेलं तू रोज बोटानं चाचपत बसू नकोस. आणि कुणी सांगितलं म्हणून हळद-तेल चोळू नकोस. मालीश कधी करायची, ते सर्जनच सांगेल.

पण घाबरायचं कशाला, तेही ऐक. एक बाजू अचानक फुगून ताठली, दुखू लागली, ताप आला, जखम लाल होऊन पू आला, स्तनाग्र काळं पडू लागलं, तर त्याच दिवशी सर्जनकडे. दुसऱ्या दिवशी नाही. नवी गाठ वाढतेय असं वाटलं तरी दाखव. आणि काढलेला भाग तपासायला पाठवला होता ना? त्याचा रिपोर्ट आणलास? नाही. आरसा पाहायला वेळ आहे, रिपोर्ट आणायला नाही. पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो, क्वचित होतो, पण होतो. कागद आण आणि फाइलला लाव.

खिशात काय आहे? काढ. सिगारेट. शाबास! तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात. जखमेला रक्तच पोचलं नाही तर ती भरणार कशी? आणि तो जिमवाल्यानं दिलेला बिनलेबलचा डबा आजच फेकून दे. असल्या पावडरींत काय काय मिसळलेलं असतं, देव जाणे. स्टेरॉइड असलं, तर बाहेरून घेतलेल्या पुरुषी हार्मोनचा काही भाग शरीर बायकी हार्मोनमध्ये बदलतं. म्हणजे एका हातानं ग्रंथी कापून घ्यायची, दुसऱ्या हातानं तिला खत घालायचं.

देवासच्या या टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्व राहिले. 1948 मध्ये इथे आले ते क्षयानं पोखरलेलं फुप्फुस घेऊन. गाणं हाच ज्यांचा श्वास, त्यांना डॉक्टरांनी गायला मनाई केली, आणि त्यांनी ती काही वर्षं पाळली. पडल्या पडल्या माळव्याची लोकगीतं ऐकली आणि त्यातून नवं गाणं घेऊन उठले. तुला सहा आठवडे डंबेल्स सोडवत नाहीत?

बरं, घरी गॅसचा सिलिंडरही उचललास म्हणे; तो का, ते सांग. गप्प का? मी सांगतो. ऑपरेशनला जाताना घरी तू म्हणालास, मित्राकडे इंदूरला चाललोय. आईला काहीच ठाऊक नाही. तिनं ‘सिलिंडर आत आण रे’ म्हटलं आणि तुला ‘नाही’ म्हणता आलं नाही. जाकीट शर्टातून दिसेल म्हणून काढलंस, उकाडा हे निमित्त. ही लाज तुझ्या टाक्यांना महागात पडतेय. अरे, हे ऑपरेशन काही कालचं नाही. एजिनाच्या पॉल नावाच्या वैद्यानं सातव्या शतकात ते लिहून ठेवलंय. त्या काळापासून पुरुष हे दुखणं घेऊन वैद्याकडे जात आलेत.

आता माझा हिशेब. आठवीत वर्गातली पोरं तुला काय हाक मारत, ते मला ऐकू येत होतं. मी तुला बोलावून म्हणालो, ‘रोज शंभर दंड काढ, जाईल.’ विज्ञानाचा मास्तर मी! चरबी व्यायामानं उतरते, ग्रंथी उतरत नाही. वयात येताना जवळजवळ निम्म्या मुलांची छाती अशी वाढते, बहुतेकांची वाढ दोनेक वर्षांत आपोआप जाते, उरली तर डॉक्टरला दाखवायची. एवढं वर्गात फळ्यावर लिहिलं असतं तर पोरांची तोंडं बंद झाली असती. मी लिहिलं नाही. तू दंड काढत राहिलास आणि गेलं नाही, तेव्हा कमी पडलो म्हणून स्वतःलाच दोष देत राहिलास. आज एकोणिसाव्या दिवशी लोखंड उचलतोयस, त्यात माझ्या त्या शंभर दंडांचा वाटा आहे.

म्हणून तुला सोडणार नाही. मोटारसायकलची किल्ली टेबलावर ठेव. गाडी इथेच राहील, तू बसनं जाशील. बॅगेत जाकीट आहे ना? आत जा, घालून ये. पोहे खा. मग आईला फोन लाव. मी इथेच बसलोय.