सारख्या वस्तूंचा न्याय्य लिलाव

एकच वस्तू विकायची असेल तर लिलावातला न्याय सोपा असतो: ज्याची बोली मोठी, त्याची वस्तू. एकसारख्या अनेक वस्तू एकदम विकायला काढल्या की मात्र ‘कोणाला द्यायच्या’ आणि ‘प्रत्येकाकडून किती घ्यायचे’ हे प्रश्न वेगळे होतात. ॲरिस्टॉटलने ‘निकोमेकियन एथिक्स’च्या पाचव्या भागात वाटपातला न्याय आणि देवघेवीतला न्याय निरनिराळे मानले. अशा लिलावाला ते दोन्ही एकाच नियमात साधावे लागतात.

तीन वस्तू आहेत आणि चार गिऱ्हाइकांना त्यातली एकेक हवी आहे असे धरू. बोली आहेत १००, ९०, ७० आणि ६० रुपयांच्या. पहिल्या तिघांना वस्तू मिळाव्यात, याबद्दल वाद नाही. वाद दामाचा आहे. ज्याने जेवढे बोलले तेवढे त्याने द्यावे, हा एक नियम. तो वरवर सरळ दिसतो, पण त्यात शेजारी-शेजारी उभी असलेली माणसे तीच वस्तू तीन भावांनी घेतात, आणि ज्याने आपली गरज प्रामाणिकपणे सांगितली तोच सर्वांत जास्त भरतो. म्हणून जाणती गिऱ्हाइके बोली मुद्दाम खाली ठेवतात; अंदाज बांधण्यात जो तरबेज, त्याचे फावते. दुसऱ्या नियमात तिघेही एकच भाव देतात: बाद झालेली सर्वांत मोठी बोली, म्हणजे ६०. इथे कोणाच्याही बोलीने त्याचा स्वतःचा भाव ठरत नाही, त्यामुळे खरे बोलण्यात तोटा नाही.

हे गणित एका अटीवर टिकते: प्रत्येकाला एकच वस्तू हवी असली पाहिजे. समजा वस्तू दोनच आहेत. एका बड्या गिऱ्हाइकाला दोन्ही हव्यात, पहिली १०० ची वाटते आणि दुसरी ८० ची. इतर दोघे एकेका वस्तूसाठी ६० आणि २० बोलतात. बड्याने खरे सांगितले तर दोन्ही वस्तू त्याला ६० च्या भावाने मिळतात आणि त्याच्या हाती ६० चा लाभ उरतो. पण त्याने एकच वस्तू मागितली तर भाव २० वर घसरतो आणि त्याचा लाभ ८० होतो. वस्तू ८० ऐवजी ६० किंमत मानणाऱ्याकडे जाते, विक्रेत्याला १२० ऐवजी ४० मिळतात, आणि नियम कोणीच मोडलेला नसतो. अर्थशास्त्रज्ञ विल्यम व्हिक्रीने १९६१ मध्ये यावर उपाय मांडला: प्रत्येकाने आपल्या येण्याने ज्यांची संधी गेली त्यांच्या बोलींइतके भरावे. या हिशेबात बडा दोन्ही वस्तूंचे मिळून ८० देतो आणि त्याला खोटे बोलण्याचे कारण उरत नाही. किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते. सारख्याच वस्तूला निरनिराळ्या गिऱ्हाइकांना निरनिराळा भाव लागू शकतो, आणि तो का लागला हे हरलेल्याला पटवणे कठीण. खरेपणा आणि समभाव दोन्ही पुरेपूर मिळत नाहीत. नियम करणाऱ्याला निवड करावीच लागते.

दिल्लीत २०१० साली ही निवड एका साध्या बंधनाने टाळता आली. ९ एप्रिल ते १९ मे या काळात दूरसंचार विभागाने थ्री-जी लहरींचे ७१ तुकडे विकले. देशाच्या २२ परिमंडळांपैकी सतरांत तीन आणि पाचांत चार तुकडे होते, आणि एका परिमंडळात एका कंपनीला एकच तुकडा घेता येत होता. मागणी आखडून भाव पाडण्याची वाट तिथेच बंद झाली. १८३ फेऱ्या झाल्या. दिल्लीच्या तुकड्याची राखीव किंमत ३२० कोटी होती. तिन्ही विजेत्यांनी प्रत्येकी ३,३१६.९३ कोटी रुपये भरले, एकाने कमी नाही की दुसऱ्याने जास्त नाही. सरकारी दूरसंचार कंपनी एमटीएनएलला दिल्लीतला तुकडा लिलावाआधीच मिळाला होता; तिलाही हाच भाव लागू झाला.

याच विभागाने दोन वर्षांपूर्वी उलट टोक गाठले होते. १० जानेवारी २००८ रोजी टू-जी परवान्यांची इरादापत्रे ‘आधी येईल त्याला आधी’ या तत्त्वाने वाटली गेली, तीही २००१ साली ठरलेल्या १,६५८ कोटींच्या देशव्यापी शुल्कात. अर्ज स्वीकारण्याची मुदत मागे ओढून २५ सप्टेंबर २००७ केलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी १२२ परवाने रद्द केले आणि अशा पद्धतीत निव्वळ योगायोगाला वाव असल्याचा दोष दाखवला. हा दोष योगायोगाचा म्हणण्यापेक्षा लपवलेल्या योगायोगाचा होता, असे म्हणणे अधिक रास्त. दिल्ली विकास प्राधिकरण सदनिकांची सोडत काढते तेव्हाही नशीबच निवडते; पण चिठ्ठी सर्वांना सारखी असते, धावण्याची शर्यत तशी नसते.

वाढलेला दाम कोणाचा, हा प्रश्न फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घर-जमिनीच्या विक्रीवेळी किंमत तीनदा पुकारावी आणि चढाओढीने वाढलेली रक्कम शुल्कासह राजकोशात जावी, असे सांगितले आहे. शेजाऱ्यांच्या ईर्ष्येचा लाभ विकणाऱ्याला मिळू नये, हा त्यातला विचार दिसतो. लहरींच्या बाबतीत विकणारा खुद्द कोशच असल्याने हा अडसर उरत नाही, आणि जनतेचा विश्वस्त अधिक भावाच्या मागे लागणाऱ्या व्यापाऱ्यासारखा वागू शकतो. न्याय्य नियम बोली लावणाऱ्यांना समान वागवतो, पण बोली लावण्याइतका पैसा नसलेल्याचे काय, हे तो सांगत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २७ सप्टेंबर २०१२ रोजी, राष्ट्रपतींनी मत मागितल्यावर, लिलावाला मर्यादा असल्याचे मान्य केले. लिलाव हा नैसर्गिक संपत्तीच्या वाटपाचा घटनात्मक दंडक नाही. लोकहितासाठी दुसरी रीतही चालेल, मात्र ती मनमानी असता कामा नये. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने लहरींसाठी लिलाव हा सर्वसाधारण नियम ठेवला आणि पहिल्या परिशिष्टात अपवाद दिले. त्यांत संरक्षण आणि आपत्ती व्यवस्थापनाबरोबर काही उपग्रह सेवाही आहेत. उपग्रहांच्या लहरी अनेक कंपन्या एकाच वेळी वापरू शकतात. तिथे प्रत्येकाला वेगळा देता येईल असा तुकडाच पाडावा लागत नाही.