शंकासमाधान : कौल, कूस आणि धाकटी जाऊ

शंका : माझं वय ३३, लग्नाला ९ वर्षं झाली. दोन्ही गर्भनलिका बंद आहेत, पिशवी चांगली आहे, यांचे रिपोर्टही ठीक आहेत, असं सांगून डॉक्टरांनी आयव्हीएफ सुचवलं. सासूबाईंनी ग्रामदेवतेला कौल लावला, तो डावा, म्हणजे नकाराचा, आला. त्या म्हणतात, सुईचं मूल नको; धाकट्या जावेला दोन मुलं आहेत, तीच आपल्यासाठी एक वाढवून देईल. जाऊ काहीच बोलत नाही. देवाची आज्ञा मोडावी का? — एक भगिनी, नाटे (ता. राजापूर)

समाधान : सासूबाईंना सुई नको म्हणून जावेची कूस हवी आहे, आणि घोटाळा इथेच आहे. दुसरीच्या कुशीत आपलं मूल वाढवणं म्हणजे सरोगसी, आणि तीतही सुई चुकत नाही. कायद्याने जावेला स्वतःचं बीज देता येत नाही. ते तुमचंच घ्यावं लागेल. म्हणजे रोजची इंजेक्शनं तुम्हालाच, बीज काढायची भूलही तुम्हालाच, आणि गर्भ तयार होणार तो प्रयोगशाळेतच. फक्त तो तुमच्याऐवजी तिच्या पिशवीत ठेवायचा. तेव्हा हे दोन रस्ते नाहीतच. रस्ता एकच, शेवटचं वळण तेवढं वेगळं. ते वळण ज्यांची पिशवी साथ देत नाही त्यांच्यासाठी. तुमचा अडथळा नलिकांचा आहे, आणि आयव्हीएफ मुळात त्यासाठीच निघालं : १९७८ साली इंग्लंडात आयव्हीएफने जन्मलेल्या लुईस ब्राउनच्या आईच्या नलिकाही बंदच होत्या. २०२१ च्या सरोगसी कायद्याखालचे नियम कारण मागतात : पिशवी नसणं, गरोदरपण जिवावर बेतणं, गर्भ वारंवार पडणं, आयव्हीएफ पुन्हा पुन्हा फसणं. एकदाही प्रयत्न न करता जावेकडे वळायची मुभा तुम्हाला नाही.

आता कौल. तो खोटा, असं मी म्हणणार नाही. पण कौल उत्तर देतो ते विचारलेल्या प्रश्नाचं. गाऱ्हाणं काय घातलं होतं? ‘यंदा करावं का’ आणि ‘कधीच करू नये का’ हे दोन निराळे प्रश्न झाले, आणि डाव्या कौलानंतर गाऱ्हाणं बदलून पुन्हा विचारायची रीत सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. शिवाय आंब्याच्या मोहोरावर तुडतुडा पडला तर फवारणीसाठी कुणी देवळात कौलाच्या पाकळ्या लावत नाही. मूल देवाचं देणं, ते हट्टाने मिळवू नये, असा आक्षेप येईल. पण उत्तम दवाखान्यातही कितीतरी प्रयत्न वाया जातात. गर्भ रुजणं तिथेही डॉक्टरच्या हातात नसतं. देण्याघेण्याचा अधिकार देवाकडेच राहिला की! मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून आयव्हीएफने जन्मलेली हर्षा चावडा पुढे २०१६ मध्ये स्वतः आई झाली. तिच्या जन्मात काही अधर्म घडला, असं म्हणायला मला तरी आधार सापडत नाही.

तुमच्या पत्रात मला सर्वांत जड वाटलं ते वाक्य वेगळंच : ‘जाऊ काहीच बोलत नाही.’ एकत्र घरात धाकट्या सुनेचं गप्प राहणं होकार म्हणून धरलं जातं. कुणी पुराणाचा दाखला देईल, की देवकीचा गर्भ रोहिणीच्या पोटी गेलाच ना. गेला खरा, पण भागवतात आज्ञा होते ती योगमायेला, रोहिणीला विचारल्याचं येत नाही. देवांच्या कथेत ते खपतं, तुमच्या माजघरात खपू नये. कायद्याने पैसे देऊन कूस घेणं बंद केलं, गरीब बाईच्या नडीचा फायदा उठू नये म्हणून. विवाहित, स्वतःचं मूल असलेली, २५ ते ३५ वयाची बाई आयुष्यात एकदाच हे करू शकते. तिला समजेल अशा भाषेत लेखी संमती हवी, आणि गर्भ ठेवण्यापूर्वी ती मागे घेता येते. ३६ महिन्यांचा विमाही लागतो. पण ज्या चुलीवरचं जेवायचं, त्याच चुलीपाशी बसलेल्या सासूला ‘नाही’ कसं म्हणायचं, याचं कलम कायद्यात नाही. साखरी नाट्यातल्या शेजाऱ्यांच्या धर्मातही हा भेद केलेला दिसेल : १९८६ मध्येच अम्मानला भरलेल्या इस्लामी फिकह अकादमीने पतिपत्नीपुरतं आयव्हीएफ गरजेपोटी मान्य केलं, तिसरीची कूस नाकारली. मी इतका कडक नाही. पिशवीच नसती आणि जावेने आपणहून शब्द काढला असता, तर मी तुम्हाला अडवलं नसतं. इथे मात्र गरज नसताना तिच्या जिवावर तिसरं बाळंतपण लादलं जातंय, आणि ते देवाच्या नावाने.

म्हणून माझं उत्तर : आयव्हीएफ करा. पस्तिशीनंतर बीज झपाट्याने घटत जातं, तेव्हा सासूबाई पुन्हा कौल लावणार असतील तर लावू द्या, तुम्ही डॉक्टरांची तारीख घ्या. पहिला प्रयत्न फसला तर त्याला डाव्या कौलाचा पुरावा मानू नका. आणि निघण्यापूर्वी जावेला एकटीला गाठून सांगा, की तिच्याकडे कुणी काही मागणार नाही.