वहिवाट

पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवा आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकवा. फरशी असेल तर फरशी, माती असेल तर फारच उत्तम. डोळे मिटायची गरज नाही. आपल्याला आज खूप दूर जायचं आहे, पण पायांनी जायचं आहे. म्हणून आधी पाय कुठे आहेत ते त्यांनाच कळू द्या. टाच. चवडा. मधली ती कमान, जी जमिनीला टेकत नाही.

सोबत एकच शब्द घ्या: वहिवाट. गावाकडे जमिनीचा वाद निघाला की हा शब्द निघतोच. कागद एकाच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याची, असं म्हणतात. ज्याने वर्षानुवर्षं ती जमीन कसली, जो त्या बांधावरून गेला-आला, ज्याच्या गुरांना तिथला ओढा ठाऊक आहे, त्याची वहिवाट. शब्द कचेरीतला असला तरी त्यात वाट आहे. तो हळूच एकदा उच्चारा आणि बाजूला ठेवा. पुढे लागेल.

आता उत्तरेला चला. कॅनडाच्या वायव्य टोकाला युकॉन नावाचा प्रदेश आहे. त्याच्या राजधानीच्या, व्हाइटहॉर्सच्या, दक्षिणेला सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर कारक्रॉस हे छोटंसं गाव आहे. एका बाजूला बेनेट सरोवर, दुसऱ्या बाजूला नेअर्स सरोवर, आणि दोघांना जोडणारी पाण्याची चिंचोळी पट्टी. इथेच थांबा. या काठावर उभे आहात असं समजा. पाणी थंड आहे, इतकं की हात बुडवला तर बोटं लगेच बधिर होतील.

पलीकडच्या काठावर हालचाल होते. कॅरिबू आहेत, त्या थंड मुलखातली मोठ्या शिंगांची हरणं. ती कळपाने येतात आणि नेमकी इथेच पाण्यात उतरतात, कारण ओलांडायला हीच जागा सोपी. कान द्या. कॅरिबू चालताना त्याच्या पायांतून बारीक टक्-टक् आवाज येतो. घोट्यापाशी स्नायूची दोरी हाडावरून सरकते त्याचा. एक कॅरिबू असला तर एक टक्. शेकडो असले तर वाळक्या काटक्यांवर पाऊस पडल्यासारखं वाटत असेल. इथले मूळ रहिवासी, टॅगिश आणि ट्लिंगिट लोक, या काठावर त्या आवाजाची वाट पाहत आले. त्यांच्या आजोबांच्या आजोबांनीही पाहिली.

गावाचं इंग्रजी नाव पडलं तेही यावरूनच: कॅरिबू क्रॉसिंग, कॅरिबू ओलांडतात ती जागा. पण तशाच नावाची आणखी ठिकाणं होती, टपाल भलतीकडे जाऊ लागलं, आणि १९०४ साली तिथल्या बिशपच्या आग्रहाने नाव आखडून कारक्रॉस केलं गेलं. मला हा तपशील सोडवत नाही. पत्रं नीट पोचावीत म्हणून नावातला प्राणी अर्धा कापला गेला.

मान वर करा. गावाच्या दक्षिणेला जो डोंगर उभा आहे त्याला नकाशात माँटॅना माउंटन म्हणतात. उंची दोन हजार मीटरच्या वर, माथ्याकडे झाडं संपतात आणि नुसता दगड, शेवाळ, वारा उरतो. या भागातल्या लोकांच्या कथेत एक प्राणिमाता आहे. सगळी जनावरं तिच्या पोटची. तिने या परिसरातल्या चार डोंगरांना दोर बांधून मूस या थोराड हरणाच्या कातड्याचा मोठा झोळा ताणला आणि जनावरं त्यावर नाचली. अँजेला सिडनी या टॅगिश आजींनी अशा कथा, गाणी आणि जागांची नावं म्हातारपणी सांगून ठेवली. १९९१ मध्ये त्या गेल्या. त्यांच्यासाठी डोंगर म्हणजे दोर बांधण्याची जागा होती. ही कल्पना थोडा वेळ तशीच मनात राहू द्या. डोंगराला बांधलेला दोर. त्यावर सगळ्यांचं वजन.

मग ज्यांना त्या दोरांची माहिती नव्हती ते लोक आले. १८९६ मध्ये युकॉनमधल्याच क्लोंडाइकला सोनं सापडलं; ते शोधणाऱ्यांत केइश हा टॅगिश माणूस होता, आणि त्याची बहीण शाव त्लाही होती. त्यानंतरच्या झुंबडीत हजारोंची रांग याच सरोवरांवरून गेली. १९०० मध्ये रेल्वेचा शेवटचा खिळा कारक्रॉसलाच ठोकला गेला. १९०५ च्या सुमारास या डोंगरात चांदीच्या खाणी निघाल्या, खनिज खाली आणायला तारांवरचे पाळणे लागले, सरोवराकाठी एक शहर वसलं आणि काही वर्षांतच ओस पडलं. लाकडाचे खांब, गंजलेल्या तारा अजून उतारावर आहेत. डोंगर कागदावर खाणमालकांचा झाला होता.

इथून पुढचं सावकाश वाचा. १९११ पासून १९६९ पर्यंत कारक्रॉसला चूटला ही निवासी शाळा होती. लांबलांबच्या वस्त्यांतून आदिवासी मुलं आईबापांपासून तोडून इथे आणली जात. आपली भाषा बोललं तर शिक्षा. २०२३ मध्ये शाळेच्या आवारात जमिनीखालचं दाखवणारं यंत्र फिरवलं, तेव्हा थडगी असावीत अशा १५ जागा दिसल्या.

पुढच्या ओळीवर जायची घाई करू नका. तळवे अजून जमिनीवर आहेत ना?

१९७३ मध्ये युकॉनमधल्या आदिवासींचे प्रतिनिधी आपले नेते एलायजा स्मिथ यांच्यासोबत देशाच्या राजधानीला, ओटावाला गेले आणि पंतप्रधानांच्या हाती एक मागणीपत्र दिलं. आज आपण एकत्र आलो ते उद्याच्या मुलांसाठी, अशा अर्थाचं त्याचं नाव. त्या कागदापासून निघालेली बोलणी चालू राहिली, पिढी बदलली. कारक्रॉस/टॅगिश फर्स्ट नेशनचा, म्हणजे इथल्या आदिवासी समाजाचा, करार जानेवारी २००६ मध्ये अमलात आला. जमिनीवरचा हक्क आणि स्वतःचा कारभार, दोन्ही कागदावर आलं. तेहतीस वर्षं लागली.

कागद आला. आता तो बाजूला ठेवलेला शब्द उचला.

त्याच २००६ साली या लोकांनी एक काम सुरू केलं. गावातल्या मुलामुलींना उन्हाळ्यात मजुरी देऊन डोंगरावर पाठवायचं आणि वाटा बांधायच्या. चालण्यासाठी, आणि डोंगरी सायकलींसाठी. पर्यटक येतील, चार पैसे येतील, हा हिशेब होताच आणि तो चांगला हिशेब होता. पण या मुलांनी तिथे दिवसभर काय केलं ते जवळून बघण्यासारखं आहे. आपणही एक दिवस त्यांच्याबरोबर काढू.

हातात पुलास्की घ्या. एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळीचं आडवं पातं, असं हे अवजार. समोर तिरका उतार आहे. वर शेवाळाचा गादीसारखा थर, त्याखाली मुळं, त्याखाली काळसर कुजकी माती. वाट या मऊ थरावर टिकत नाही. पाणी शोषून तिचा चिखल होतो. म्हणून तो थर काढायचा, खालची घट्ट, रेताड, खनिज माती लागेपर्यंत. अवजाराचा आवाज बदलतो तेव्हा कळतं. धप्-धप् होतं त्याचं खर्र होतं. त्या खर्रवर वाट उभी राहते.

आता उतारात पायरीसारखी सपाटी कोरा. हातभर, दोन हात रुंद. ती अगदी सपाट नको. बाहेरच्या, दरीच्या बाजूला किंचित कलती हवी, डोळ्याला जेमतेम जाणवेल इतकी. का, ते बघा. बाटलीतलं थोडं पाणी वाटेवर ओता. गुडघ्यावर बसा. पाणी क्षणभर थांबतं, धुळीची एक कड पुढे ढकलतं, एका खड्याला वळसा घालतं, आणि मग एकतर वाटेला आडवं जाऊन कडेवरून खाली उतरतं, नाहीतर वाटेच्या लांबीने धावू लागतं. धावलं तर काम फसलं. आज ओंजळभर पाणी धावलं, उद्या वितळलेला बर्फ धावेल, आणि दोन-चार वर्षांत वाटेची घळ होईल. म्हणून वाट सरळ उतरवत नाहीत. ती डोंगराच्या कुशीने तिरकी नेतात, आणि मधूनमधून उतरता उतरता थोडी चढवतात, म्हणजे त्या सखल वळणावर पाणी वाट सोडून जातं.

बाटली पुन्हा भरा. पुन्हा ओता. पाणी काय म्हणतंय ते पाहण्यात सोळा-सतरा वर्षांच्या पोराचा अख्खा दिवस जातो. रोज संध्याकाळी त्याला ठाऊक असतं की डोंगराचा हा एवढा पन्नास पावलांचा तुकडा कुठे पाणी धरतो, कुठे सोडतो, कोणता दगड हलतो, कोणत्या झाडाचं मूळ आडवं येतं. ज्या शाळेने त्याच्या आजीची भाषा मोडली तिथे ही विद्या शिकवली गेली नसती. माझ्या मते त्या करारावरची सर्वांत खरी सही ही आहे, जी मुलांनी कुदळीने केली.

यातली एक वाट खाणीच्या त्याच जुन्या खुणांवरून जाते, गंजलेल्या तारांजवळून. तिचं नाव माउंटन हिरो. २०११ मध्ये डोंगरी सायकलस्वारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जगातल्या निवडक वाटांमध्ये तिची गणना केली. एकेकाळी जिथून चांदी खाली गेली तिथून आता मुलांनी राखलेली वाट खाली येते. केली मिलनर यांचा 'शिफ्ट' हा २०१६ चा माहितीपट याच मुलांवर आहे. आधी नुसती खोदणारी मुलं पुढे सायकलवर बसू लागली आणि मोठी होत गेली, ते त्यात दिसतं.

तुम्हीही बसा. पेडल आडवे ठेवून उभे राहा, गुडघे आणि कोपर सैल. डोंगरी सायकलवर एकच गोष्ट आधी शिकावी लागते: नजर जाईल तिकडे सायकल जाते. दगडाकडे बघितलं की दगडावर आदळतो. म्हणून वळणाच्या आधी वेग कमी करायचा आणि नजर वळणाच्या पलीकडे टाकायची, वाट जिथे पुन्हा दिसते तिथे. चाकाखाली ती हातभर सपाटी आहे. कोणीतरी कोरली, कोणीतरी पाणी ओतून पाहिलं. हे चाकातून तळव्यापर्यंत येऊ द्या.

मनात शंका येईल, मलाही आली. ज्या डोंगराला प्राणिमातेने दोर बांधला त्यावर परक्यांच्या सायकली कशाला? मला वाटतं, कोण बोलावतं आहे यावर ते ठरतं. खाणवाले न विचारता आले होते. इथे घरधन्याने स्वतः वाट आखली, कुठून जायचं आणि कुठून नाही ते ठरवलं, मग दार उघडलं. पाहुण्याने पाहुण्यासारखं यावं.

आणि कुठून जायचं नाही हे ठरवणं या लोकांना आधीपासून येतं. नव्वदच्या दशकात या सरोवरांकडचे कॅरिबू फार कमी झाले. तेव्हा कारक्रॉस/टॅगिश लोकांनी आपण होऊन त्यांची शिकार थांबवली. शिकारीचा हक्क त्यांचाच होता. तो असूनही हात आवरला, एक उन्हाळा दोन उन्हाळे करता करता पुढची पिढी उजाडली, आणि कळप पुन्हा वाढले. ज्या मुलांनी वाटा खोदल्या त्यांतली कितीतरी अशा घरांत वाढली जिथे कॅरिबू ताटात नव्हता, फक्त गोष्टीत होता.

आता सायकल झाडाला टेकवा. उन्हाळ्यात तिथे रात्री दहानंतरही उजेड असतो, त्यामुळे घाई नाही. वाटेच्या त्या सखल वळणावर या, जिथून पाणी बाहेर जायला हवं. हिवाळ्यात तिथे पानं आणि गाळ साचला आहे, पाण्याचं तोंड बुजलं आहे. दरवर्षी कोणीतरी फावडं घेऊन इथपर्यंत चढून येतं. आज तुम्ही आहात. गाळ ओढून काढा, कड मोकळी करा, बाटलीत उरलेलं पाणी ओता.

थांबलं. एका खड्याला वळसा घातला. आणि कडेवरून खाली, शेवाळात उतरलं.